कार्यशाळेनंतर टेबलावरचं काय बदलणार, ते आधी ठरवा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही कोल्हापुरातल्या एका विद्यापीठाच्या आस्थापना विभागात आहात. यंदा कर्मचाऱ्यांसाठी व्यावसायिक विकास आणि काम व घर यांचा मेळ अशा विषयांवर कार्यशाळा घ्यायचं ठरलंय आणि ती जबाबदारी तुमच्याकडं आलीय. मागच्या खेपेला दोन दिवसांचं शिबिर झालं. पहिल्या सत्राला सभागृह भरलं, जेवणानंतर निम्मं रिकामं झालं, अभिप्रायाच्या फॉर्मवर बहुतेकांनी ‘उत्तम’ लिहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं मागच्यासारखं सुरू राहिलं. तुम्ही विचारलंय की विषय कोणते घ्यावेत, वक्ते कोण आणावेत, कधी घ्यावं, हजेरी सक्तीची करावी का, आणि उपयोग झाला हे ओळखायचं कसं.

मी लिपिक म्हणून विद्यापीठाच्या सेवेत लागले, परीक्षा विभागात बरीच वर्षं काढली आणि सहायक कुलसचिव म्हणून निवृत्त झाले. आता कोल्हापूर, सांगली, सातारा या भागातल्या विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण घेते. त्यामुळं तुमची अडचण मला दोन्ही बाजूंनी ठाऊक आहे.

माझं म्हणणं आधीच सांगते. कार्यशाळेमुळं कर्मचाऱ्याच्या रोजच्या कामात एखादी तरी गोष्ट हलकी होणार असेल, तरच ती घ्या. ती गोष्ट कोणती आणि ती हलकी करायचा अधिकार कोणाकडं आहे, हे तारीख ठरवण्याआधी नक्की करा. विषय, वक्ते, वेळ हे सगळं त्यानंतरचं. एका ज्येष्ठ लिपिकानं शिबिराच्या सुरुवातीलाच मला विचारलं होतं, “मॅडम, हे झाल्यावर टेबलावरच्या फायली कमी हुतील काय?” त्या प्रश्नाला उत्तर देता येईल असंच शिबिर घ्यावं, या मताची मी आहे.

हे मी नुसत्या अनुभवावरून म्हणत नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठानं २०१६ मध्ये स्वतःच्याच कर्मचाऱ्यांवर एक मोठी पाहणी सुरू केली. बारा हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांना निमंत्रण गेलं, त्यातले ४,८३४ जण तयार झाले. चिठ्ठ्या काढाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली. एका गटाला आरोग्य तपासणी, ताण कमी करण्याचे वर्ग, व्यायामाचे उपक्रम आणि वर प्रोत्साहनपर पैसेही दिले, दुसऱ्याला यातलं काही नाही. पुढं दोन्ही गटांचा दवाखान्याचा खर्च, गैरहजेरी, व्यायामाच्या सवयी तपासल्या तर म्हणण्यासारखा फरक नव्हता. आणखी एक गोष्ट दिसली, ती आपल्या फार कामाची आहे. जे आपणहून पुढं आले ते आधीपासूनच इतरांपेक्षा तब्येतीनं बरे होते. आपल्याकडंही योगाच्या सत्राला पहिल्या रांगेत कोण बसतं ते आठवा. सकाळी विद्यापीठाच्या आवारात फिरायला येणारेच तिथं असतात. ज्याचा रक्तदाब वाढलाय, जो घरी जाऊन कोणाशी बोलत नाही, तो मागच्या दारानं निघून गेलेला असतो.

ब्रिटनमधल्या २३३ संस्थांमधल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांच्या माहितीवर ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग या संशोधकानं २०२४ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. ताण सोसायची ताकद वाढवणारे वर्ग, ध्यान, मोबाईलवरची ॲप्स यांत भाग घेणारे कर्मचारी न घेणाऱ्यांपेक्षा बरे आहेत असं त्यात दिसलं नाही. अपवाद होता तो स्वयंसेवेचं काम करायची संधी मिळालेल्यांचा. योग किंवा ध्यान वाईट, असा याचा अर्थ मुळीच नाही. मी स्वतः रोज प्राणायाम करते. पण ताण जिथं तयार होतो ती जागा तशीच ठेवून माणसाला श्वास घ्यायला शिकवलं, तर ते संध्याकाळपर्यंतही टिकत नाही.

ताण तयार होतो कुठं? लंडनमधल्या सरकारी नोकरांचा एक अभ्यास १९८५ पासून चालू आहे, ‘व्हाइटहॉल-२’ या नावानं तो ओळखला जातो. त्यात १०,३०८ कर्मचारी होते, शिपायापासून वरिष्ठ अधिकाऱ्यापर्यंत. आपल्या कामावर ज्याचा ताबा कमी, म्हणजे काम कसं करायचं, कधी करायचं हे ज्याच्या हातात नाही, त्याला हृदयविकाराचा धोका जास्त, असं त्यातून पुढं आलं. खालच्या पदांवर हा ताबा सर्वांत कमी असतो. आपण समजतो की सगळा ताण साहेबांना. प्रत्यक्षात निकालाच्या दिवसांत खिडकीवर बसलेल्या कनिष्ठ लिपिकाकडं पाहा. समोर विद्यार्थी ओरडतोय, त्याचं म्हणणं रास्त आहे हे लिपिकाला कळतंय, पण निकाल राखून का ठेवला हे त्याला कोणी सांगितलेलं नाही आणि मोकळा करायचा अधिकारही त्याला नाही. ही स्थिती रोज आठ तास. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये कामातून येणाऱ्या या थकव्याची नोंद घेताना तो कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ न निवळलेल्या ताणातून येतो असंच म्हटलंय. माणूस गळून जातो, कामाबद्दल तुटकपणा येतो, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटू लागतं. ‘हा लिपिक उद्धट आहे’ अशी तक्रार येते तेव्हा कितीदा तरी हा तुटकपणाच असतो.

म्हणून विषय ठरवण्यासाठी गूगल फॉर्म पाठवू नका. फॉर्मवर लोक संगणक प्रशिक्षण, व्यक्तिमत्त्व विकास, ताणतणाव व्यवस्थापन हेच तीन लिहितात, कारण दरवेळी तेच विषय समोर आलेले असतात. त्यापेक्षा स्वतः विभागात जा. परीक्षा, पात्रता, संलग्नता, लेखा, भांडार, वसतिगृह, ग्रंथालय, प्रयोगशाळा अशा प्रत्येक ठिकाणी दोन-तीन जणांशी त्यांच्याच टेबलाशेजारी बसून बोला. साहेबांच्या केबिनमध्ये नको. ‘तुम्हाला काय शिकायचंय’ असं विचारू नका. विचारा की कालच्या दिवसात सर्वांत जास्त वैताग कशाचा आला, कोणतं काम दोनदा करावं लागतं, आणि कोणत्या गोष्टीसाठी घरी गेल्यावर फोन येतो. तुमच्याकडं तर आस्थापनेचं रजेचं दफ्तरही आहे. कोणत्या विभागात कोणत्या महिन्यात आजारपणाच्या रजा वाढतात, कोणाची अर्जित रजा वर्षानुवर्षं नुसती साठत गेलीय, बदलीचे अर्ज कुठून जास्त येतात, हे पाहिलं की अर्धं चित्र तिथंच दिसतं.

आता व्यावसायिक विकासाचं. प्राध्यापकांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या पदोन्नतीला उद्बोधन आणि उजळणी वर्ग जोडलेले आहेत आणि आता मालवीय मिशनखाली देशभर त्यांची प्रशिक्षण केंद्रं आहेत. शिक्षकेतर कर्मचाऱ्याला असं हक्काचं काही नाही. तो नोकरीला लागतो, शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडून काम शिकतो, त्याच्या चांगल्या सवयी उचलतो आणि वाईटही. म्हणून तुमच्या कार्यक्रमाचा मोठा वाटा शिक्षकेतरांसाठी ठेवा, असा माझा आग्रह आहे.

त्यात सर्वांत उपयोगी पडलेला प्रकार तपशीलात सांगते. मी त्याला फाईलची कार्यशाळा म्हणते. एका विभागातल्या वीस-बावीस लोकांना बसवायचं. शिपायापासून उपकुलसचिवापर्यंत सगळे एकाच टेबलाभोवती. विभागानंच नुकतीच निकाली काढलेली एक साधी फाईल घ्यायची, विद्यार्थ्याचं नाव झाकायचं आणि पानं सुट्टी करून टेबलावर ओळीनं मांडायची. एकदा आम्ही पदवी प्रमाणपत्रावरच्या नावातल्या दुरुस्तीची फाईल घेतली होती. मुलीच्या वडिलांच्या नावात एक वेलांटी चुकलेली. अर्ज आवक विभागात आला, तिथून अधीक्षकांकडं, तिथून संबंधित लिपिकाकडं, त्यानं टिपणी लिहिली, ती पुन्हा वर गेली, वरून ‘चर्चा करावी’ असा शेरा आला, चर्चा झाली की नाही याची नोंद नाही, मग महाविद्यालयाला पत्र, महाविद्यालयाचं उत्तर, पुन्हा टिपणी. प्रत्येक पानाशेजारी आम्ही एक चिठ्ठी ठेवली आणि त्यावर त्या टेबलावरच्या माणसानं स्वतः लिहायचं की या टप्प्यावर मी नेमकं काय तपासलं. दोन चिठ्ठ्या कोऱ्या राहिल्या. त्या दोघांनी फक्त सही केली होती, तपासायला काही नव्हतंच. खोलीत कोणी कोणाला बोल लावला नाही, पण वरिष्ठ अधिकाऱ्यांनी आपणहून विचारलं, “मग ही सही माझ्यापर्यंत येतेय कशाला?” एका बुजुर्ग नाईकांनी सांगितलं की पूर्वी एक प्रकरण झालं होतं, तेव्हापासून ती प्रथा पडली. ते प्रकरण मिटलं, माणसंही निवृत्त झाली, सही मात्र चालू राहिली.

त्या एका बैठकीत काय काय झालं ते पाहा. कनिष्ठ लिपिकाला पूर्ण प्रक्रिया पहिल्यांदा दिसली. टिपणी कशी लिहावी हे वेगळं शिकवावं लागलं नाही, कारण चांगली आणि वाईट टिपणी दोन्ही समोर होत्या. टिपणीत आधी विषय, मग नियम, मग वस्तुस्थिती आणि शेवटी स्पष्ट प्रस्ताव हवा, ‘आदेशार्थ सादर’ एवढ्यावर ती संपली तर वरचा माणूस निर्णय घेत नाही, फाईल फिरवतो. हे सगळ्यांनी तिथल्या तिथं पाहिलं. दोन टप्पे कमी करायचा प्रस्ताव तिथंच तयार झाला. आणि टप्पे कमी झाले की खिडकीवरचे हेलपाटे कमी होतात, लिपिकाचा वैताग कमी होतो. काम शिकणं आणि बरं वाटणं या गोष्टी अशा एकत्रच येतात. म्हणून व्यावसायिक विकासाचा एक दिवस आणि आरोग्याचा दुसरा दिवस अशी वाटणी मला पटत नाही.

फाईलच्या कार्यशाळेखेरीज आणखी काही विषय हमखास लागतात. माहिती अधिकाराचे अर्ज हा पहिला. २००५ च्या कायद्याप्रमाणं तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं, पण अर्ज बऱ्याचदा पंचविसाव्या दिवशी खऱ्या टेबलावर पोचतो आणि मग सगळा विभाग रात्री बसतो. आपल्या राज्याचा २०१५ चा लोकसेवा हक्क कायदाही कर्मचाऱ्यांना मुळातून समजावा. मराठी टंकलेखन हा दुसरा विषय, तो लहान वाटतो पण तसा नाही. जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली परिपत्रकं युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं मोडतात आणि माणसं तीच पत्रं पुन्हा टाईप करत बसतात. अर्ध्या दिवसाच्या प्रशिक्षणात हा त्रास बराच कमी होतो. एक्सेल शिकवायचं तर विभागाचाच तक्ता घेऊन शिकवा, काल्पनिक दुकानाच्या विक्रीचा तक्ता नको. नव्या शैक्षणिक धोरणानं आलेली श्रेयांकांची पद्धत, मुख्य आणि दुय्यम विषयांच्या जोड्या हे प्राध्यापकांना सांगितलं जातं, पण त्याचे प्रश्न आधी खिडकीवर येतात. खिडकीवरच्या माणसाला ते आधी कळायला हवं.

चिडलेल्या विद्यार्थ्याशी किंवा पालकाशी कसं बोलावं, याचा सराव मात्र भाषणानं होत नाही. दोघं-दोघं समोरासमोर बसवून करून घ्यावा लागतो. गडहिंग्लजहून किंवा जतहून पहाटेची एसटी पकडून आलेला मुलगा खिडकीशी येतो तेव्हा ‘उद्या या’ हे दोन शब्द त्याला किती महागात पडतात, हे एकदा लिपिकाला विद्यार्थ्याच्या जागी बसवलं की त्याला पुरतं कळतं. त्यानंतर तो ‘उद्या या’च्या जागी काय म्हणायचं ते स्वतःच शोधतो. कागद नेमका कोणता कमी आहे, तो फोनवर पाठवता येईल का, काम झालं की कळवायचं कसं.

आता कामाबाहेरच्या गोष्टी. आपल्या भागातल्या कर्मचाऱ्याचं जगणं डोळ्यापुढं ठेवून विषय निवडा. कागल, पन्हाळा, हातकणंगले, करवीरच्या गावांतून येणारे कितीतरी जण पहाटे उठून धारा काढतात, डेअरीला दूध घालतात आणि मग मोटारसायकलवरून कामाला येतात. ऊसाला पाण्याची पाळी रात्री असेल तर झोप तेवढीही नाही. अशा माणसाला पहाटे पाचला उठायचे फायदे सांगणारा वक्ता आणला तर तो मनातून तिथंच उठून जातो. त्याच्याशी झोपेबद्दल बोला. रात्रीचं जागरण आणि दुसऱ्या दिवशी हायवेवरची गाडी, याबद्दल बोला. तंबाखू आणि माव्याबद्दल बोला, पण दंतवैद्याला सोबत घेऊन आणि तोंडाची तपासणी ठेवूनच. ती तपासणी पडद्याआड व्हावी.

कर्जाचा विषय मी प्रत्येक ठिकाणी आवर्जून घ्यायला सांगते आणि आयोजक दरवेळी बिचकतात. कर्मचारी पतसंस्थेचं कर्ज, त्यावर बँकेचं, मुलीच्या लग्नाचं, बांधकामाचं. पगारातून कपाती होऊन हातात काय उरतं ते लेखा विभागातल्या माणसाला विचारा. त्यातून जामिनकीचा प्रश्न निघतो. सहकाऱ्याला नाही म्हणता येत नाही म्हणून सही केली, त्यानं हप्ते थकवले आणि आता कपात माझ्या पगारातून. एकाच विभागात शेजारी बसणाऱ्या दोघांत यामुळं वर्षानुवर्षं अबोला राहतो आणि कामावर त्याचा परिणाम होतो. जामीनदाराची कायदेशीर जबाबदारी किती असते, सही करण्याआधी काय पाहावं, कर्जं एकत्र करून हप्ता कसा बसवावा, हे सांगणारा एखादा निवृत्त बँक अधिकारी बोलवा. या सत्राला जेवणानंतरही कोणी उठत नाही.

महिला कर्मचाऱ्यांसाठी पाककृती आणि सौंदर्याची सत्रं ठेवायची प्रथा अजून कुठं कुठं आहे. ती बंद करा. त्यांना विचारलं तर पहिली गोष्ट निघते ती विभागाजवळ स्वच्छ आणि कडी लागणारं स्वच्छतागृह. दुसरी, परीक्षेच्या काळात उशीर झाला तर घरी जायची सोय. तिसरी, मूल आजारी असताना रजा मागितल्यावर ऐकावं लागणारं बोलणं. यातलं काहीही व्याख्यानानं सुटत नाही, पण कार्यशाळेत त्या बोलल्या आणि समोर निर्णय घेऊ शकणारा अधिकारी बसलेला असला तर सुटतं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा ठरावीक काळानं जागृती कार्यशाळा घेणं संस्थेला बंधनकारक करतो, आणि कंत्राटी व रोजंदारीवरच्या महिलाही त्यात येतात. ही कार्यशाळा निव्वळ अहवालासाठी उरकू नका. अंतर्गत समितीच्या सदस्यांची तोंडओळख प्रत्येक विभागात जाऊन करून द्या. तक्रार कोणाकडं न्यायची हे चेहऱ्यानिशी ठाऊक असलं पाहिजे.

मानसिक आरोग्याचं सत्र घ्याच, पण जपून. सभागृहात ‘ज्यांना नैराश्य वाटतं त्यांनी हात वर करा’ असं विचारणारे वक्ते मी पाहिले आहेत. तसं कदापि होऊ देऊ नका. आपल्या गावात सगळे एकमेकांना ओळखतात, विद्यापीठ म्हणजे तर आणखी लहान गाव. समुपदेशक शक्यतो बाहेरचा असावा, त्याची वेळ फोनवर थेट घेता यावी आणि कोण गेलं याची यादी आस्थापनेकडं येऊ नये. हे शेवटचं तुम्हाला स्वतःवर घालून घ्यावं लागेल, कारण बिलासाठी नावं मागायचा मोह लेखा विभागाला होतो. बिल भेटींच्या संख्येवर काढा. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र आहे आणि तिथं मराठीतून बोलता येतं. हा क्रमांक प्रत्येक विभागाच्या फलकावर आणि पगारपत्रकाच्या तळाशी छापा. एखादा सहकारी अचानक गप्प झाला, कामात ढिसाळ झाला, सारखा रजेवर जाऊ लागला तर शेजारच्यानं काय करावं, याचा सराव घेतलात तर तो शंभर व्याख्यानांपेक्षा उपयोगी ठरेल. बाजूला घेऊन विचारायचं, ऐकायचं, सल्ले द्यायची घाई करायची नाही, आणि जीव नकोसा झाल्याचं त्यानं बोलून दाखवलं तर त्याला एकटं सोडायचं नाही.

अधीक्षक, कक्षाधिकारी आणि सहायक कुलसचिव यांच्यासाठी वेगळं सत्र ठेवा, आणि पैसे कमी पडले तर बाकी सगळं कमी करून हे ठेवा. कर्मचाऱ्याचा दिवस कसा जाणार हे कुलगुरूंपेक्षा त्याच्या थेट वरच्या माणसावर ठरतं. चूक चारचौघांत सांगायची की बाजूला बोलावून, रजेचा अर्ज हातात ठेवून दोन दिवस झुलवायचा की लगेच निकाली काढायचा, तातडीचं काम दुपारी साडेचारला का द्यायचं, सतत एकाच कामसू माणसावर सगळं का टाकायचं. ही माणसं सेवाज्येष्ठतेनं या पदावर आली, माणसं सांभाळायला त्यांना कोणी शिकवलेलं नसतं. त्यांना दोष न देता शिकवा. व्हॉट्सॲप गटाचा नियमही याच सत्रात ठरवून घ्या. संध्याकाळी ठरावीक वेळेनंतर गटावर आदेश नाही, खरंच अडलं तर फोन. निकालाच्या आठवड्यात अपवाद लागतात, ते आधीच लिहून ठेवा म्हणजे अपवादाचा नियम होत नाही.

वेळेबद्दल. मार्चअखेर, जूनचे प्रवेश आणि दोन्ही सत्रांच्या परीक्षा-निकालांचे महिने सोडून द्या. गणपती आणि जोतिबाच्या यात्रेच्या आसपास नको. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी चढलं की गावांचे रस्ते बंद होतात, २०१९ आणि २०२१ चा अनुभव ताजा आहे. माझ्या मते जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारी मध्यापर्यंतचा काळ सर्वांत बरा. सुट्टीच्या दिवशी मुळीच नको. समतोलाची कार्यशाळा रविवारी घेतली तर विषयच बुडाला. सलग दोन दिवसांऐवजी अर्ध्या-अर्ध्या दिवसाच्या बैठका, दर तीन-चार आठवड्यांनी एक, त्याच त्या गटासाठी. विभागातल्या निम्म्या लोकांनी यायचं, निम्म्यांनी खिडकी सांभाळायची, पुढच्या आठवड्यात उलट. शिपाई, सुरक्षारक्षक, सफाई कर्मचारी आणि कंत्राटी मंडळींना याच रचनेत सामावून घ्या. मागच्या शिबिरात ते होते का, की चहा देत होते, हे एकदा तपासा. कंत्राटी कामगाराला त्या वेळेचा रोज मिळेल हे ठेकेदाराकडून लेखी घ्या.

वक्त्यांबद्दल फार लिहीत नाही. तुमच्याच संस्थेतून निवृत्त झालेले दोन चांगले अधीक्षक आणि एक लेखापाल शोधा, मानधन सन्मानानं द्या. बॅगा, स्मृतिचिन्हं आणि फ्लेक्सचा खर्च वाचवून तो इकडं वळवा.

उपयोग झाला का, हे ओळखायला अभिप्रायाचा फॉर्म पुरत नाही. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन प्राध्यापकानं १९५९ मध्येच प्रशिक्षण तपासायच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या: लोकांना आवडलं का, ते शिकले का, वागणं बदललं का आणि कामाचा परिणाम बदलला का. आपण पहिल्या पायरीवर थांबतो. तुम्ही सुरुवातीलाच चार-पाच साध्या गोष्टी मोजून ठेवा. नावदुरुस्तीला आज किती दिवस लागतात, एका कामासाठी विद्यार्थ्याला किती खेपा होतात, रजेचा अर्ज किती दिवसांत निकाली निघतो, कार्यालय सुटल्यावर किती दिवस लोक थांबले. तीन महिन्यांनी तेच पुन्हा मोजा. जिथं फरक पडला नाही तिथं जाऊन कारण विचारा. बहुतेक वेळा प्रस्ताव कोणाच्या तरी टेबलावर पडून असतो.

म्हणूनच पहिल्या बैठकीआधी कुलसचिवांकडून एक छोटं परिपत्रक काढून घ्या. कार्यशाळेतून आलेल्या प्रत्येक प्रस्तावावर पंधरा दिवसांत मान्य किंवा अमान्य असा लेखी निर्णय होईल, अमान्य असेल तर कारणासह, एवढंच त्यात असू द्या. हे परिपत्रक निघत नसेल तर एकाच विभागापासून सुरुवात करा, जिथला अधिकारी मनानं तयार आहे. तिथं दोन टप्पे कमी झाले की शेजारचे विभाग स्वतःहून विचारत येतात.

राहिला हजेरीचा प्रश्न. कामाशी संबंधित बैठकांना हजेरी सक्तीची असू द्या. ती कामाच्याच वेळेत आहे, कामाचाच भाग आहे, आणि त्या अर्ध्या दिवसात साचलेलं काम नंतर उशिरा थांबून भरून काढायला लावू नका. आरोग्य, कर्ज, मानसिक स्वास्थ्य ही सत्रं ऐच्छिक ठेवा, पण त्यासाठी कामातून मोकळीक सगळ्यांना सारखी द्या. या सत्रांच्या दाराशी सहीचा कागद ठेवू नका, फक्त डोकी मोजा. ज्यांना यायचं आहे पण कोणाला दिसायचं नाही, अशांसाठी तेच सत्र दुसऱ्या इमारतीत पुन्हा एकदा घ्या. परीक्षा विभागातली माणसं प्रशासकीय इमारतीत यायला संकोचतात, ग्रंथालयाच्या लहान खोलीत मात्र येतात.